‘भारतातला सिकलसेल सौम्य असतो’ : एका वाक्याची उलटतपासणी

प्रपोजल लिहायला बसलात की काही वाक्यं विचारायच्या आधीच कागदावर येऊन बसतात. सिकलसेलवर काम करायचं ठरवलं असेल तर पहिल्याच पानावर हे येतं : ‘भारतात आढळणारा सिकलसेल आजार आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा सौम्य स्वरूपाचा असतो.’ पुढे दोन-तीन संदर्भ, आणि गाडी पुढच्या परिच्छेदावर. एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये मीही हे वाक्य लिहिलंय. मूळ पेपर उघडून पाहिला होता का? नव्हता. एका रिव्ह्यूमधून उचललं होतं, आणि त्या रिव्ह्यूवाल्यानेही बहुतेक दुसऱ्या रिव्ह्यूमधून उचललं असावं.

आज या एका वाक्याची चिरफाड करू. मी डॉक्टर नाही, प्रथिनांवर काम करणारा विद्यार्थी आहे. तेव्हा हे उपचारांबद्दलचं लिखाण नाही, वाचनाबद्दलचं आहे.

या वाक्याचा मला पहिल्यांदा राग आला तो नवेगाव बांधला. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात हे गाव आहे. लोक तलाव आणि पक्षी बघायला येतात. एका डिसेंबरात तिथल्या तपासणी शिबिरात मी नावं लिहून घ्यायला बसलो होतो. एक बाई आठ-नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. मुलाचा रिपोर्ट आधीच झालेला होता, एसएस, म्हणजे दोन्ही जनुकं सिकलची. मी फॉर्मवरचे प्रश्न विचारत गेलो : हातपाय किती वेळा दुखतात, रक्त चढवलं का, दवाखान्यात भरती केलं का. सगळ्याला उत्तर ‘नाही’ किंवा ‘एखाद डाव’. माझ्या डोक्यात लगेच ‘सौम्य केस’ असा शिक्का पडला. उठता उठता त्या म्हणाल्या, “राती चार डाव उठते जी पोरगा. पानी बी लगीत पेते. कधी कधी आथरुनातच होते.”

फॉर्ममध्ये याला रकाना नव्हता. मीही लिहिलं नाही.

हे ‘उठणं’ म्हणजे काय, ते समजायला थोडं प्रथिनाकडे जाऊ. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. एवढा एकच फरक, इंग्रामने 1950 च्या दशकात शोधलेला. त्याआधी 1949 मध्ये पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी हा ‘रेणूचा आजार’ आहे असं म्हणून ठेवलं होतं. ऑक्सिजन सोडून दिल्यावर हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दोरे बनवतं आणि लाल पेशी इळ्यासारखी वाकडी होते.

पण दोरे लगेच बनत नाहीत. मध्ये थोडा वेळ जातो आणि त्या वेळात बहुतेक पेशी केशवाहिनीतून निसटून पुन्हा फुफ्फुसाकडे पोचतात. हा वेळ कशावर अवलंबून असतो? पेशीतल्या हिमोग्लोबिनच्या संहतीवर, आणि तोही भयंकर तीव्रतेने. 1970 च्या दशकात हॉफ्रिक्टर, रॉस आणि ईटन यांनी शुद्ध द्रावणात मोजलं तेव्हा हे नातं साधारण तिसाव्या घाताच्या आसपास निघालं. कॅल्क्युलेटर घ्या : 1.05 चा तिसावा घात काढा. सुमारे 4.3 येतो. म्हणजे संहती फक्त 5 टक्के वाढली की दोरे बनायला लागणारा वेळ चौपटीहून कमी होतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे.

रक्तातल्या बिघडलेल्या प्रथिनांचे दुसरेही आजार आहेत. क्रायोग्लोबुलिन नावाची प्रतिपिंडं थंडीत साका होऊन बसतात, म्हणून पायाच्या कातडीवर जांभळे डाग आणि जखमा येतात, आणि किडनीच्या गाळण्याही सुजतात. एएल अमायलॉइडोसिसमध्ये प्रतिपिंडाचे तुकडे किडनीत आणि कातडीतही साठत जातात. हे आजार विरळ आहेत, आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेल मात्र विरळ नाही. पण प्रश्न एकच : प्रथिन तर सगळ्या अंगभर फिरतं, मग मार ठरावीक जागीच का बसतो? कारण ते प्रथिन बिघडण्यासाठी लागणारी परिस्थिती त्या ठरावीक जागीच असते.

सिकलसाठी अशी जागा म्हणजे किडनीचा आतला गाभा, मेड्युला. तिथे ऑक्सिजन कमी, आम्लता जास्त आणि क्षारांची संहती प्रचंड. ती मुद्दामच तशी ठेवलेली असते, कारण त्याच जोरावर किडनी लघवीतलं पाणी परत ओढून घेते. कोहळ्यांनी तलाव बांधून पावसाचं पाणी उन्हाळ्यापर्यंत राखलं, तसं शरीरातलं पाणी राखायचं काम या गाभ्याचं. लाल पेशी तिथे शिरली की तिच्यातलं पाणी बाहेर खेचलं जातं, हिमोग्लोबिनची संहती वाढते, आणि तो तिसावा घात कामाला लागतो. बारीक वाहिन्या तुंबतात, हळूहळू मरतात. मग बांध फुटल्यासारखं पाणी वाहून जातं. निरोगी माणसाची लघवी गरज पडल्यास किलोमागे 1200 मिलिऑस्मोलच्या आसपास घट्ट होऊ शकते. एसएस रुग्णात ती बहुधा 400 ते 450 च्या पुढे जात नाही, आणि हे लहानपणीच सुरू होतं.

साधं गणित करा. दिवसाला शरीराला साधारण 600 मिलिऑस्मोल कचरा बाहेर टाकायचा असतो असं धरू. 1200 ने घट्ट करता आलं तर अर्धा लिटर लघवीत काम भागतं. 400 ने दीड लिटर लागते. म्हणजे रोज किमान एक लिटर पाणी जास्त जाणार, प्यायला मिळो न मिळो. आता हे मे महिन्यात, पारा 44-45 वर असताना, पहाटे जंगलात तेंदूपत्ता तोडायला जाणाऱ्या माणसावर लावून बघा. पाणी कमी पडलं की रक्त घट्ट, पेशी कोरडी, आणि दुखण्याचा झटका. किडनीचं हे ‘किरकोळ’ लक्षण मग किरकोळ राहत नाही. त्या मुलाचं अंथरूण ओलं होणं हे त्याच्या आजाराचं सगळ्यात आधी दिसलेलं चिन्ह होतं, आणि मी त्याला सौम्य ठरवून मोकळा झालो होतो.

आता पेपरांकडे. भारतात सिकल जनुकाची पहिली नोंद 1952 ची, निलगिरीच्या आदिवासींमधली, लेमन आणि कटबुश यांची. मध्य भारतातली नोंद नागपूरहून शुक्ला आणि सोलंकी यांनी 1958 मध्ये ‘लॅन्सेट’ला दिली. पण ‘सौम्य’ची गोष्ट जिथून जोर धरते तो पेपर 1986 चा, तोही ‘लॅन्सेट’मधलाच. ओडिशात बी. सी. कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, जमैकात आयुष्यभर सिकलसेलवर काम केलेल्या ग्रॅहम सर्जंट यांच्या सोबत, ओडिशातले सव्वाशेहून जास्त एसएस रुग्ण आणि जमैकातले रुग्ण यांची तुलना केली. ओडिशातल्या रुग्णांत गर्भातलं हिमोग्लोबिन, म्हणजे एचबीएफ, जास्त. अल्फा थॅलेसेमिया जास्त. हिमोग्लोबिनही जास्त. आणि पायाच्या घोट्याजवळ होणारे चिघळणारे व्रण, जे जमैकात सर्रास दिसत, ते क्वचित.

पण त्याच पेपरात हेही आहे की दुखण्याचे झटके आणि लहान बाळांच्या हातापायांची बोटं सुजणं दोन्ही गटांत नेहमीचंच होतं. हे वाक्य कुणी पुढे नेलं नाही! कातडीच्या जखमा कमी, हे पुढे गेलं. दुखणं तेवढंच, हे मागे राहिलं. मला हा पेपर वाईट वाटत नाही, उलट प्रामाणिक वाटतो. त्याने वेगळेपण सांगितलं होतं, वाचणाऱ्यांनी त्याचं सौम्यपण केलं.

कातडी वाचली पण हाडांचं दुखणं वाचलं नाही, हे कसं? यासाठी केटो, ग्लॅडविन आणि स्टाइनबर्ग यांचा 2007 चा रिव्ह्यू वाचा. त्यांची मांडणी अशी : सिकलसेलमध्ये दोन गुंतलेल्या पण वेगळ्या गोष्टी चालतात. एक, लाल पेशी रक्तातच फुटतात, सुटं हिमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइड खाऊन टाकतं, वाहिन्या आकसतात, आणि घोट्यावरचे व्रण, फुफ्फुसातला रक्तदाब असले प्रकार होतात. दोन, रक्त घट्ट होऊन वाहिन्या तुंबतात, त्यातून दुखण्याचे झटके आणि मांडीच्या हाडाचा खुबा झिजणं. अल्फा थॅलेसेमियामुळे पेशीतली हिमोग्लोबिनची संहती थोडी उतरते (आपला तिसावा घात, दुसऱ्यांदा), पेशी कमी फुटतात, हिमोग्लोबिन वाढतं. पहिली बाजू सुधारते. दुसरी तशीच राहते, कारण पेशींची संख्या वाढली की रक्त अजून घट्ट. ही मांडणी सगळ्यांना मान्य नाही आणि तिच्यावर बरीच टीका झालीय. पण एक गोष्ट तिने पक्की केली : या आजाराची तीव्रता ही एका पट्टीवर मोजायची वस्तू नाही. ‘सौम्य’ म्हटलं की विचारायचं, कोणत्या अवयवासाठी?

दुसरी घसरण ‘भारतातला’ या शब्दात आहे. आपल्याकडच्या सिकल जनुकाभोवतीची डीएनएची मांडणी, जिला अरब-भारतीय हॅप्लोटाइप म्हणतात, ती देशभर जवळपास सारखीच सापडते. म्हणून लोक समजतात की आजारही सारखाच. मुंबईच्या राष्ट्रीय रक्तविज्ञान संस्थेतल्या मलय मुखर्जी, रोशन कोलाह आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये वलसाडचे आदिवासी रुग्ण आणि नागपूरचे बिगर-आदिवासी रुग्ण शेजारी ठेवले. हॅप्लोटाइप तोच. पण वलसाडमध्ये अल्फा थॅलेसेमिया जवळजवळ सगळ्यांमध्ये, नागपुरात त्यामानाने फार कमी. वलसाडचे रुग्ण बरेच ठीक, नागपूरचे जास्त आजारी. मला वाटतं, विदर्भात काम करू पाहणाऱ्या प्रत्येकाने हा पेपर आधी वाचावा. (शिवाय ‘सिकलसेल हा आदिवासींचा आजार’ हे दुसरं आपोआप येणारं वाक्यही इथेच गळून पडतं. आपल्या भागात तो गोंडांमध्ये आहे, तसाच बौद्ध आणि इतर समाजांतही आहे. एका समाजाचं नाव चिकटवलं की बाकीचे तपासणीला येत नाहीत आणि ज्यांचं चिकटवलं त्यांची लग्नं अडतात.)

मग 2016 मध्ये नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांचा पेपर ‘इंडियन जर्नल ऑफ पीडियाट्रिक्स’मध्ये आला. मध्य भारतातला सिकलसेल तीव्र रूप घेऊ शकतो, हे त्याच्या शीर्षकातच आहे. लेखकांची यादी बघा, शेवटचं नाव ग्रॅहम सर्जंट. ओडिशाचा पेपर लिहिणारा माणूस तीस वर्षांनी नागपूरच्या पेपरवर सही करतो, तेव्हा त्याने स्वतःचं वाक्य दुरुस्त केलेलं असतं. आपण मात्र अजून जुनंच कॉपी करतोय.

तिसरी गोष्ट पद्धतीची, आणि परीक्षेत हमखास विचारतात ती. दवाखान्यात येणाऱ्या मोठ्या रुग्णांवरून तीव्रता ठरवली तर जे लहानपणीच गेले ते हिशेबात येतच नाहीत. सर्जंट यांच्याकडे जमैकात यावर उतारा होता. किंग्स्टनच्या एका प्रसूतिगृहात 1973 ते 1981 या काळात सलग एक लाख बाळांची जन्मतःच तपासणी करून त्यांनी गट बांधला, आणि पुढे वर्षानुवर्षं त्याचा माग ठेवला. आपल्याकडे तेव्हा असा गट नव्हता. दूरच्या पाड्यावर दोन वर्षांचं मूल तापाने गेलं तर ते ‘तापाने गेलं’ असंच राहायचं. नवजात बाळांच्या तपासण्या नागपूर आणि गुजरातेत बऱ्याच नंतर सुरू झाल्या. जे जगले त्यांचीच मोजणी केली तर आजार सौम्य दिसणारच की.

आता किडनीकडे परत येतो, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे. तीव्रता मोजायला पेपरांमध्ये बहुतेक काय वापरतात? वर्षाला दुखण्याचे झटके किती, भरती किती वेळा, रक्ताच्या पिशव्या किती. हे सगळं रुग्ण दवाखान्यात आला तरच मोजता येतं. देवलगावच्या स्टेशनावरून गाडी पकडून गोंदियाला जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली. माणूस गावातच कुणाकडून डायक्लोफिनॅकची सुई घेतो आणि कामाला लागतो. त्याची भरती शून्य. आणि तीच सुई किडनीचा रक्तपुरवठा आवळणारी, म्हणजे ज्या अवयवाला आधीच मार बसतोय त्यालाच अजून एक दणका. अशा माणसाच्या बाबतीत आपली मोजपट्टी नेमकी उलटी चालते : दवाखाना जितका दूर, तितका आजार सौम्य.

किडनी मोजलीच तर क्रिएटिनिन मोजतात. इथेही सापळा आहे. सिकलसेलमध्ये लहानपणी किडनीच्या गाळण्या नेहमीपेक्षा जास्त वेगाने गाळतात, नलिकाही क्रिएटिनिन जास्त बाहेर टाकतात, आणि रुग्ण अंगाने बारीक असल्याने मुळात क्रिएटिनिन बनतंच कमी. रिपोर्टवर 0.5 येतं आणि सगळे खूश. ते वाढून ‘नॉर्मल’च्या वरच्या टोकाला येईपर्यंत बरंच काही गेलेलं असतं. आधी दिसतं ते लघवीतलं अल्ब्युमिन. म्हणूनच अमेरिकेच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दहाव्या वर्षापासून दरवर्षी लघवीतलं प्रथिन तपासायला सांगितलंय. याला मोठं मशीन लागत नाही, कप आणि पट्टी पुरते. सापडलं तर उपाय आहेत : रक्तदाबाच्या काही गोळ्या अल्ब्युमिन कमी करतात. हायड्रॉक्सियुरिया तर आपल्याकडेही मिळतं, आणि ठरावीक कमी डोसातही ते मुलांना उपयोगी पडतं हे नागपूरच्याच गटाने 2012 मध्ये चाचणी करून दाखवलंय. बाळांवरच्या अमेरिकेतल्या ‘बेबी हग’ चाचणीत गंमत अशी झाली की गाळण्याच्या वेगात, जे त्यांनी मुख्य मोजमाप ठरवलं होतं, फरक दिसला नाही. पण औषध घेणाऱ्या बाळांची लघवी जास्त घट्ट होत होती. मोजमाप चुकीचं निवडलं की फायदासुद्धा कसा लपतो, याचं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

आणि वाहक? एक जनुक सिकलचं, एक चांगलं, म्हणजे एएस. शिबिरात आपण सांगतो, “तुम्हाला काही नाही, फक्त लग्न जुळवताना बघा.” बहुतेकांसाठी हे खरं आहे आणि घाबरवण्यापेक्षा असं सांगणं बरं. पण वाहकाच्या किडनीच्या गाभ्यातही पेशी वाकड्या होऊ शकतात. लघवी घट्ट करण्याची ताकद थोडी कमी असते, कुणाला अधूनमधून लघवीतून रक्त जातं. 2014 मध्ये ‘जामा’त नाईक आणि सहकाऱ्यांनी सुमारे 16 हजार आफ्रिकी-अमेरिकन लोकांच्या नोंदींवरून दाखवलं की वाहकांमध्ये किडनीच्या जुनाट आजाराचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त होतं. आता थांबा. हे उचलून ‘भारतातल्या वाहकांनाही धोका’ असं लिहू नका. अल्फा थॅलेसेमिया असेल तर वाहकाच्या किडनीतला हा दोष कमी होतो, आणि तो आपल्याकडे ठिकठिकाणी वेगवेगळा आहे. जमैकाचं ओडिशाला आणि ओडिशाचं अख्ख्या देशाला चिकटवलं, ती चूक आपण उलट्या दिशेने करायची का? हा प्रश्न गोंदिया-गडचिरोलीतच मोजून सोडवावा लागेल. प्रपोजलसाठी विषय शोधत असाल तर हा घ्या, मी मनावर घेणार नाही.

1 जुलै 2023 ला शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. 0 ते 40 वयाच्या 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन, हे उद्दिष्ट. तपासणी हवीच. पण ‘किती तपासले’ हा आकडा मोठा होत गेला की ‘तपासल्यावर काय केलं’ हा आकडा कुणी मागत नाही. लग्नं जुळवताना कार्ड बघून पुढच्या पिढीतले रुग्ण कमी होतीलही. जे आज नऊ वर्षांचे आहेत त्यांच्या किडनीचं वय 2047 मध्ये काय असेल, हे कार्डावर छापलेलं नसतं.

तुम्ही स्वतःची प्रश्नावली बनवाल तेव्हा तीन ओळी घाला. रात्री लघवीला किती वेळा उठता? पाणी किती पिता, आणि कामावर ते मिळतं का? दुखल्यावर कोणती गोळी किंवा सुई घेता, महिन्यात किती? पहिला प्रश्न विचारताना आवाज हळू ठेवा, आठ-नऊ वर्षांच्या मुलासमोर आईला तो विचारला की मूल खाली बघतं.

त्या बाईंना मी परत शोधलं. दोन महिन्यांनी, फेब्रुवारीत. सकाळच्या पहिल्या लघवीवर पट्टी लावली. रात्रभर झोपून उठलेल्या निरोगी मुलाची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी 1.020 च्या वर जायला हवी. याची 1.010. अल्ब्युमिनचा रंग अजून बदललेला नव्हता. त्यांना मी डॉक्टरांना दाखवायला पाठवलं, आणि गुरुजींना एक चिठ्ठी लिहून दिली : याला वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवू द्या, आणि बाहेर जायचं म्हणाला तर अडवू नका.